यशवंत नावाची बाजू मांडायला धार आणि देवास

लोक धारला मांडूच्या वाटेवर चहा प्यायला थांबतात आणि देवासला उज्जैनच्या वाटेवर टायरमधली हवा बघायला. मी दोन्ही गावांत मुद्दाम गेले, मुक्काम केला आणि मांडू-उज्जैन न बघता परत आले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना रूपमतीच्या महालाचे फोटो हवे आहेत त्यांचा वेळ जायला नको.

कारण घरगुती होतं. माझ्या धाकट्या भावाला, माधवला, मुलगा झाला. माधव इंदूरला नोकरी करतो. त्याची बायको ऋचा देवासची, बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही देवासला. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. आत्या मी. एकुलती एक असल्यामुळे स्पर्धा नव्हती.

आमच्याकडे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. हे इतक्या पिढ्या चाललंय की आमची वंशावळ पाठ करायला फार कष्ट पडत नाहीत: यशवंत, माधव, यशवंत, माधव. माझे वडील यशवंत. ते गेल्या वर्षी गेले. तेव्हा बाळ यशवंत, यात माझ्या मते चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. पण माधवने फोनवर सांगितलं की ऋचाला विहान हे नाव आवडलंय. आमच्या सोसायटीत तीन विहान आहेत. संध्याकाळी एखाद्या आईने गॅलरीतून हाक मारली की खाली खेळणारी तीन पोरं एकदम वर बघतात आणि नको असलेली दोन परत खेळायला लागतात. मी माधवला विचारलं, तुझं स्वतःचं मत काय? तो म्हणाला, तू आत्या आहेस, तू सांगशील ते. माझा भाऊ लहानपणापासून असाच. भांडणाचा वास आला की तो पाणी प्यायला उठतो.

आईला विचारलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे ती येणार नव्हती. ती म्हणाली, "तुम्हाला हवं ते ठेवा." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'मला हवं ते ठेवा' असा होतो. तिला काय हवंय हे मी गृहीत धरलं.

आणि खरं सांगायचं तर मलाच ते हवं होतं. बाबा गेल्यापासून त्यांचं नाव फक्त कागदांवर येत होतं, तेही मागे 'कैलासवासी' लावून. ते नाव आपल्या डोळ्यांदेखत संपणार, हे मला सोसत नव्हतं. ते मला पुन्हा धावताना, गुडघे फोडून घेताना, गृहपाठ चुकवताना बघायचं होतं.

आता धारचा संबंध. बाबा सांगायचे की आमच्या घरात हे नाव धारच्या यशवंतराव पवारांवरून आलं. ते यशवंतराव पानिपतावर पडले. आमचे कुणी पूर्वज म्हणे त्यांच्या घोडदळात होते आणि ते परत आले. याला पुरावा काही नाही. महाराष्ट्रात निम्म्या घरांत पानिपतावरून परत आलेला एक पूर्वज असतो. इतके सगळे परत आले असतील तर तिथे हरलं नक्की कोण, ते कळत नाही. तरी म्हटलं, बारशाला जायचंच आहे तर दोन दिवस आधी निघू, धार बघू, आणि नावाची बाजू जरा भक्कम करून देवासला पोचू.

पुण्याहून इंदूरला रात्रीच्या स्लीपर बस भरपूर आहेत. वरची बर्थ घेऊ नका, सेंधव्याच्या घाटात आपण माणूस आहोत की सामान असा प्रश्न पडतो. सकाळी इंदुरात उतरून पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जिरावण नावाचा मसाला भुरभुरतात, आणि तुम्ही नको म्हटलं तरी भुरभुरतात. तिथून धारच्या बस सारख्या सुटतात. तिकीट शंभराच्या आसपास, रस्ता चौपदरी आणि चांगला. बेटमा, घाटाबिल्लोद करत दीड-दोन तासांत धार येतं. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये खोली साधी होती पण चादर स्वच्छ होती. या वयात मी प्रवासाकडून एवढंच मागते.

रिक्षावाला मिळाला तो कैलाश. त्याने आधी मांडूचा भाव सांगितला. मी नको म्हटलं. मग मांडूच्या अलीकडे नालछ्यापर्यंत तरी चला, म्हणाला, तिथून हवा वेगळी लागते. तेही नको म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, मग धारमध्ये करणार काय? मी म्हटलं, यशवंतरावांविषयी बघायचंय.

यशवंतरावांविषयी कैलाशला सगळं माहीत होतं. ते धारचे. पानिपतात कामी आले. त्यानंतर त्यांनी इंग्रजांना पळवून पळवून मारलं. मग इंदूरला राज्य केलं, विलायतेला गेले, मोटारी घेतल्या. इंदुरात त्यांच्या नावाचं मोठं सरकारी इस्पितळसुद्धा आहे.

मी मनात बोटांवर हिशेब केला. पानिपतावर पडले ते धारचे पवार. इंग्रजांशी लढले ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, आणि ते होळकर. मोटारींची हौस असलेले होळकर त्यांच्याही पुढच्या शतकातले. म्हणजे कैलाशच्या हिशेबाने यशवंतराव मेल्यावरही दोनेकशे वर्षं कामात होते. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, राजा माणूस, खाण्यापिण्याची काय कमी.

अशा वेळी दुरुस्त करायला गेल्याशिवाय आम्हा पुणेकरांना राहवत नाही. मीही गेले. हे पवार, ते होळकर, हे पहिले, ते दुसरे, असं सगळं सांगितलं. कैलाशने सिग्नल नसलेल्या चौकात रिक्षा थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मैडमजी, अलग-अलग आदमी थे तो एक ही नाम काहे रखा? अलग होते तो नाम भी अलग रखते."

 मला मुद्दा फार आवडला. नाव तेच ठेवलं की माणूस संपत नाही, निदान धारच्या रिक्षास्टँडवर तरी नाही. बारशाच्या वेळी वाद झाला तर हे वापरायचं असं मी ठरवलं.

धारचा किल्ला गावातच आहे, एका बुटक्या टेकाडावर, लाल दगडाचा. चढ फारसा नाही. आत खरबुजा महाल नावाची इमारत आहे, आणि वरून गाव आणि तलाव छान दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, दुपारी दगड तापतो. पाणी बरोबर न्या.

आत आमच्याच बाजूचं एक कुटुंब भेटलं. सांगलीचं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बाजीराव पेशवे या किल्ल्यात जन्मले. त्यातल्या काकांनी चपला काढून उंबऱ्याला हात लावला होता आणि काकूंनी मुलाला छाती पुढे काढायला सांगून फोटो घेतला होता. तिथला पहारेकरी हे सगळं शांतपणे बघत होता. त्यांचं आटोपल्यावर त्याने सांगितलं की जन्मले ते दुसरे बाजीराव. राघोबा पळापळीत होते, आनंदीबाई इथे येऊन राहिल्या होत्या, तेव्हाचे. थोरले बाजीराव तिकडचे, सिन्नरच्या बाजूचे. काका चपला घालता घालता म्हणाले, "म्हणजे राज्य घालवलं ते?" पहारेकरी म्हणाला, हां जी, वही. काकूंनी मोबाइल काढला आणि फोटो पुसला की नाही ते मी बघितलं नाही, पण पहारेकऱ्याने बघितलं. नंतर मला म्हणाला की बरेच लोक पुसतात, म्हणून तो आता आधी फोटो घेऊ देतो आणि मग सांगतो.

मी तिथे जरा बसले. एकही लढाई हरले नाहीत असे आजोबा, त्यांचं नाव या पोराला दिलं. ते दिलं तेव्हा आनंदीबाईंना किती बरं वाटलं असेल. पोराला कसं वाटलं ते कुणी विचारलं नाही. पुढे त्याने जे केलं ते केलं, पण त्याच्या प्रत्येक पराभवाशेजारी लोकांनी आजोबांचा एक विजय मांडला हे खरं. दुसरं काही नाव असतं तर तो नुसताच हरलेला पेशवा झाला असता. हा मुद्दा माझ्या बाजूचा नव्हता. मी तो तिथेच सोडून खाली उतरले.

धारला खायला कचोरी उत्तम मिळते, संध्याकाळी दाल-बाफले खाल्ले, म्हणजे डाळीबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. दोन बाफल्यांवर थांबा, तिसरा रात्रभर सोबत करतो. बाजारात जवळच्या बाग गावच्या छापाचं कापड घेतलं, लाल-काळ्या नक्षीचं, ऋचाला साडी आणि बाळाला दुपट्यासाठी दीड मीटर. दुकानदाराने बाळाचं नाव विचारलं. मी यशवंत सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, राजाओंवाला नाम. धारमध्ये मला मिळालेला हा एकमेव स्वच्छ पाठिंबा.

दुसऱ्या दिवशी धारहून परत इंदूर आणि तिथून दुसऱ्या बसने देवास. आग्रा रोडवर इंदूर संपतं आणि देवास सुरू होतं यात फारसं अंतर राहिलेलं नाही. देवासात नोटा छापतात. बघायला मिळत नाहीत.

बसस्टँडवर घ्यायला ऋचाचा थोरला भाऊ आला होता. त्याला सगळे भिया म्हणतात, म्हणजे माळव्यातलं भैया. मी लग्नात भेटले होते तेव्हाही भिया, पत्रिकेत काय छापलं होतं ते आठवेना. चाळिशीचा, गोलसर, कारखान्यांना मशीनचे सुटे भाग पुरवायचा धंदा. घरी पोचले तर ऋचाची आई दारात तांब्या घेऊन उभ्या. त्यांचे सासरे देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या राजघराण्याच्या, दरबारात कारभारी होते आणि काकूंचं मराठी अजून त्याच काळात आहे. "या. प्रवास सुखरूप झाला ना? विहीणबाईंची प्रकृती कशी आहे?" मग आत वळून, "ऋचा, वन्संना पाणी दे." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वन्सं म्हटलं. नवऱ्याची बहीण म्हणजे वन्सं हे मला माहीत होतं, पण ती मी असेन असं वाटलं नव्हतं. मी आपोआप पदर सारखा केला. मी पंजाबी ड्रेस घातला होता.

बाळ झोपलेलं होतं. कान बाबांचे. मोठे, वरून जरासे पुढे झुकलेले. मी वाकून तेच बघत राहिले. माधवने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही, प्रवासाने थकलेय.

संध्याकाळी भियाने मला टेकडीवर नेलं. रोपवे आहे, पण पायऱ्याही चढण्यासारख्या आहेत. वर दोन देव्या, बडी माता आणि छोटी माता, दोघी बहिणी. देवासात सगळं दोन दोन आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांनी इथे राज्य केलं, मग राज्यं दोन झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. भियाने वरून हात करून दाखवलं, हे सिनियर, तिकडचं ज्युनियर. थोरल्यांकडे तुकोजी, कृष्णाजी, पुन्हा तुकोजी, पुन्हा कृष्णाजी. "आणि ताई, धाकट्यांमध्ये पण एक यशवंतराव होते हं." बाळाच्या नावावरून घरात काय चाललंय हे त्याला माहीत होतं आणि पाहुणीला बरं वाटावं म्हणून तो बोलत होता. मला बरं वाटलं.

उतरताना मी सहज विचारलं, भिया, तुमचं खरं नाव काय?

"सदाशिव," तो म्हणाला. "पर बोलता कोई नहीं, ताई. आजोबांचं नाव ना. आई कशी घेणार?"

मग त्याने पासपोर्टची गोष्ट सांगितली. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने दुबईला जायचं म्हणून पासपोर्ट काढला. तो टपालाने घरी आला तेव्हा हा कामावर होता. दारात काकू. पोस्टमन नवीन होता. त्याने विचारलं, सदाशिवजी इथेच राहतात का? काकूंच्या कानावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव पडलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि सांगितलं, ते जाऊन तर फार वर्षं झाली. पोस्टमनने हळहळ व्यक्त केली आणि पाकिटावर 'पाने वाले का स्वर्गवास' असा शेरा मारून पासपोर्ट परत पाठवला. भियाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला पुष्कळ हेलपाटे पडले. तोवर दुबईचं काम दुसऱ्याने नेलं. "आईला बोललो मी, अगं तुझा मुलगा सदाशिव. तर म्हणते, तो माझ्यासाठी भिया आहे. ते एकच होते." हे तो हसत हसत सांगत होता.

मी खूप हसले. हसून झाल्यावर जरा वरच्या पट्टीत असंही म्हटलं की या जुन्या घराण्यांनी माळव्यात येऊन सगळं जपून ठेवलं, आमच्याकडे पुण्यात आता असलं काही राहिलेलं नाही. भिया भला माणूस आहे. तो "हो ना" म्हणाला.

घरी आलो तेव्हा काकू उद्याच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या. ऋचा आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली होती. मी साडी दिली. तिने ती उलगडून मांडीवर घेतली, छान आहे म्हणाली आणि मग एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही उद्या यशवंत सांगणार ना?"

मी म्हटलं, हो. मग मला वाटलं थोडं समजावून सांगावं. कैलाशचा मुद्दा मांडला, की नाव तेच राहिलं की माणूस राहतो. तिने ऐकून घेतलं. ऋचा इंदुरात शाळेत गणित शिकवते, ती मध्ये बोलत नाही.

ती म्हणाली की तिला विहानच हवं असं मुळीच नाही. तिला हाक मारता येईल असं काहीही चालेल. यशवंत तिच्या तोंडातून निघतच नाही. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदूरला आले होते तेव्हा तीच त्यांना घेऊन गेली होती. खिडकीवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं आणि ऋचा गप्प. मेरे ससुरजी, म्हणाली. मुलगी म्हणाली, वो तो ठीक है, नाम? शेवटी ऋचाने त्यांचं आधार कार्ड काचेतून आत सरकवलं. बाबा बाकावर बसून बघत होते. हे मला बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

"मला माहितीये हे वेडेपण आहे," ऋचा म्हणाली. "पण आईला मी जन्मापासून असंच बघितलंय. जमत नाही मला."

मी म्हटलं, अगं मग कागदावर यशवंत राहू दे आणि घरात काहीतरी लाडाचं नाव ठेव. सोपं आहे.

"भियासारखं?"

मी म्हटलं, भियाची गोष्ट वेगळी.

तिने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "ताई, पुण्याच्या आई यांना बंडू का म्हणतात?"

"लाडाने."

"आणि तुम्हाला लाडाने काय म्हणतात?"

मला आई नावानेच हाक मारते. सुलभा. पूर्ण. लहानपणी मला याचं वाईट वाटायचं, की त्याला लाडाचं नाव आहे आणि मला नाही. माधव हे माझ्या आजोबांचं नाव, म्हणजे आईच्या सासऱ्यांचं, हे मला पाठ होतं. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

ऋचा शांतपणे पुढे विचारत गेली. बाबांना त्यांची आई काय म्हणायची? मी म्हटलं, बाळ. म्हातारपणीसुद्धा बाळ. कारण यशवंत हे तिच्याही सासऱ्यांचं नाव. आणि आई? अहो. तुम्ही दोघं बाबा म्हणायचात. मित्र? मित्र आडनावाने.

"मग यशवंत कोण म्हणायचं त्यांना?"

मी विचार केला. शाळेत हजेरी घेणारे मास्तर म्हणत असतील. बँकेतला कारकून, पेन्शनच्या वेळी. पोस्टमन. त्याच्यापुढे मला कुणी आठवेना. आयुष्यभर बाबांना ज्या माणसांनी त्या नावाने हाक मारली त्यातलं एकही माणूस त्यांचं नव्हतं. ज्या नावासाठी मी धारला जाऊन आले, ते आमच्या घरात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. आम्ही ते जपलं होतं खरं, पण कपाटात ठेवून. मला रडू आलं. बाबा गेले तेव्हाही इतकं आलं नव्हतं. ऋचाने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ती चहा आणायला गेली, आणि मी बराच वेळ त्याचे कान बघत बसले.

बारसं रविवारी सकाळी झालं. पाळणा झेंडूने सजवलेला, बाळाच्या अंगाखाली बागचं दुपटं, सुंठवडा, घुगऱ्या, शेजारपाजारच्या बायका, त्यातल्या निम्म्या मराठी आणि निम्म्या माळवी. बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं. मग मी वाकले. नियम असा की आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. पुण्यात हे नुसतं हात टेकवण्यावर भागतं. देवासात धपाटे खरे असतात.

त्या मोठ्या कानापाशी तोंड नेलं तेव्हा य ओठांपर्यंत आला होता. हे मी लपवणार नाही. दोन धपाटे बसले, तरी मी गप्प. ऋचा समोर पाळण्याची दोरी धरून उभी होती, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, विहान. उठून मोठ्याने सांगितलं, विहान. माधवने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पाण्याचा ग्लास घ्यायला आत गेला.

काकू सगळ्यांत शेवटी पाळण्याशी आल्या. त्यांनी जरा बिचकत म्हटलं, विहान. मग परत, आणखी मोठ्याने. त्यानंतर दिवसभर त्या येता-जाता त्याला हाक मारत होत्या, तो झोपलेला असला तरी. भिया मला म्हणाला, "ताई, आज आई लय खूश आहे." त्या घरात आईच्या तोंडून एखाद्या मुलग्याला त्याच्या नावाने मारलेली हाक तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याने ते तसं बोलून दाखवलं नाही.

परतीला देवासहून इंदूर आणि इंदूरहून पुन्हा रात्रीची बस, या वेळी खालची बर्थ. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धारला एक पूर्ण दिवस पुरतो, देवासला अर्धा. थंडीत जा. किल्ल्यात फोटो काढण्याआधी कोणत्या बाजीरावांचा ते विचारून घ्या, किंवा विचारू नका. रिक्षावाले मांडूला चला म्हणतील, आणि तुम्हाला बारसं नसेल तर जाच. एकूण खर्च पुण्याहून फार नाही, साड्या सोडल्या तर.

घरी पोचले तेव्हा आई खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. येताना पूर्ण रस्ता मी तिला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. ती एकही आठवली नाही. चपला काढता काढता म्हटलं, विहान ठेवलं.

 मी पाणी प्यायले, बॅग आत ठेवली, उगाच मोबाइल चार्जिंगला लावला. मग आईने विचारलं, "ऋचा काय म्हणते त्याला?"

"विहान."

"नावानेच?"

"नावानेच. दिवसभर तेच चाललंय."

"बरं केलंस," आई म्हणाली. बाहेर कुणाचा तरी विहान सायकलवरून घंटी वाजवत गेला. "बंडूच्या शाळेत त्याच्या बाई त्याला माधव म्हणायच्या. इतकं छान म्हणायच्या. मी फाटकाशी उभी असायचे. मला त्या बाईंचा राग यायचा."

मी म्हटलं, मग आता म्हण की. फोन लावून देते.

"आता तो घाबरेल," आई म्हणाली. "कुणी गेलं की काय वाटेल त्याला."

मग ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने गळा साफ केला, खुर्चीत जरा सरळ झाली आणि म्हणाली, "यशवंत."

हळू म्हणाली. पंख्याच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"उद्धट वाटलं," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, जरा मोठ्याने, पुन्हा एकदा म्हणाली.